हरकत कायम

"फाईलला लाव," परकारशेठ म्हणाले. त्यांनी कागद पुरता वाचलाही नव्हता.

फॅक्सचा तो कागद अजून कोमट होता. मी तो हातात धरून त्यांच्या टेबलासमोर उभा होतो. एरवी असा हुकूम झाला की मी मागे वळायचो. त्या दिवशी वळलो नाही. दाराजवळच्या बाकावर कॅप्टन रुमाव बसले होते, कदाचित म्हणून असेल.

"शेठ, वाघबंदरच्या सिमेंट कारखान्याची चौकशी आहे," मी म्हणालो. "गुजरातहून सिमेंटचं क्लिंकर. महिन्याला आठ हजार टन, पावसाळ्यापर्यंत सहा महिने."

"वाचलं."

"आपलं जहाज रिकामं आहे."

"मास्तर," शेठ चष्म्यावरून बघत म्हणाले, "माझं जहाज रिकामं आहे हे मला तू सांगतोस?"

मी मास्तर कधीच नव्हतो. बॅलार्ड इस्टेटमधल्या परकार शिपिंगच्या कचेरीत मी मुख्य कारकून होतो. जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी पुस्तक उघडायची सवय, म्हणून शिपायापासून शेठपर्यंत सगळे मला मास्तर म्हणत. पेंडुरकर हे माझं आडनाव फक्त पगारपत्रकावर होतं. फोर्टच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं घ्यायचो, त्यात भरती-ओहोटीची कोष्टकं आणि खलाशांसाठी छापलेली बंदरांची वर्णनंही असत. समुद्रावर मात्र मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. एलिफंटाला जाताना लाँचमध्ये मला मळमळलं होतं, एवढाच माझा अनुभव.

हे एक्क्याण्णव सालच्या नोव्हेंबरातलं. त्या चौकशीचा अर्थ आधी सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर तो भारतीय जहाजाने न्यावा, असा कायदा होता. परदेशी जहाज लावायचं तर सरकारचा परवाना लागे, आणि परवान्याआधी देशातल्या जहाजमालकांना विचारलं जाई: या मालासाठी, या तारखेला तुमचं जहाज आहे का? दोन दिवसांत कोणी "आहे" असं लिहिलं, की ती हरकत धरली जाई आणि परदेशी जहाज अडे. कोणीच लिहिलं नाही तर परवाना.

हा झाला कायदा. व्यवहारात आमच्या कचेरीने अकरा वर्षांत एकाही चौकशीला उत्तर दिलं नव्हतं. कागद आला की मी त्याला दोन भोकं पाडायचो आणि फाईलला लावायचो. आमच्या गप्प बसण्याची कदर गुप्तेसाहेब करत. ते परदेशी जहाजांचे दलाल. परवाना मिळाला की त्या जहाजाची बंदरातली सगळी कामं, म्हणजे पाणी, शिधा, कागदपत्रं, ते परकार शिपिंगला देत. जहाज चालवण्यापेक्षा गप्प बसण्यात जास्त सुटतं, असं शेठ हसत सांगायचे. त्यात काही खोटं नव्हतं.

"शेठ, माझं काय ते बोला," बाकावरून कॅप्टन रुमाव म्हणाले. ते वसईचे. पन्नाशी उलटलेले, आवाज असा की कचेरीत बोलले तरी धक्क्यावर ऐकू जावा. "एकाहत्तर दिवस झाले बाहेर नांगर टाकून. पाणी मोजून देतोय पोरांना. आणि परवा तो भंगारवाला आला, टेप घेऊन."

"नुसतं बघायला आला होता."

"बघायला? माझ्यासमोर हातोडीने पत्रा ठोकून बघत होता. माणूस जिवंत असताना तिरडीचं माप घेतात का, शेठ?"

शेठनी घड्याळ बघितलं. "बर्नार्ड, काम असतं तर दिलं नसतं का? काम नाही."

कॅप्टननी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. तेवढ्यात शेठ नमाजाला जायचं म्हणून उठले, आणि आम्ही दोघेच उरलो.

"मास्तर, त्या कागदावर काय आहे?"

"चौकशी."

"चौकशी म्हणजे काम?"

"तसंच म्हणायला हवं."

"मग?"

"मग ती फाईलला लावायची."

कॅप्टन उठून कपाटाशी गेले. माझ्या फायली तिथे वर्षांप्रमाणे लावलेल्या होत्या, पाठीवर सुवाच्य अक्षरात. त्यांनी एकीवर बोट फिरवून धूळ बघितली, धूळ नव्हती. "छान ठेवलंय," ते म्हणाले. "रद्दी जपून ठेवता आणि जहाज रद्दीत घालता. पौर्णिमेपर्यंत बघतो मी. मग पोरांना सांगतो, आपापल्या गावाला जा."

ते गेले. 'पूर्णगड' या त्यांच्या जहाजावर चौतीस माणसं होती. मी कागद टेबलावर ठेवला. भोकं पाडायचं यंत्र जवळच होतं.

मी शूर माणूस नाही, तेव्हाही नव्हतो. त्या रात्री घरी गेलो, जेवलो, वाचायला बसलो आणि एक पान तीनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ भेंडीबाजारात गेलेले असताना मी टाईपरायटरवर चार ओळी उठवल्या. एम. व्ही. पूर्णगड, भारतीय ध्वज, वाघबंदरच्या मालासाठी दहा दिवसांत उपलब्ध आहे. सबब परदेशी जहाजाला परवाना देण्यास आमची हरकत आहे. खाली 'परकार शिपिंगकरिता' म्हणून सही केली. रोजच्या पत्रांवर माझीच सही जात असे. शेठना सरकारी कचेऱ्यांचा कंटाळा, म्हणून तिथल्या सगळ्या कामांचं अधिकारपत्रही माझ्याच नावाचं होतं. पाचची मुदत होती. पाचला वीस मिनिटं कमी असताना मी फॅक्स पाठवला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेठनी मला आत बोलावलं. मी खिशात राजीनाम्याचा कागद ठेवला होता. टेबलाच्या या बाजूला साक्षात गुप्तेसाहेब बसले होते. आमच्या कचेरीचा जिना ते पहिल्यांदाच चढले असावेत. रुमालाने कपाळ टिपत होते.

"बस, मास्तर, बस!" शेठ म्हणाले. त्यांच्यासमोर बसायला त्यांनी मला अठरा वर्षांत प्रथमच सांगितलं. "अरे, तू तर उस्ताद निघालास! एवढी वर्षं हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

"काय, शेठ?"

"ऐका, म्हणतो 'काय शेठ'!" ते गुप्त्यांकडे बघून हसले. "जो मुळात गप्प बसतो त्याला एका जहाजाचं काम. जो ओरडतो आणि मग गप्प बसतो, त्याला...सांगा ना, गुप्तेसाहेब."

"तीन जहाजांचं," गुप्ते म्हणाले. "वर्षभर." मग माझ्याकडे वळले. गोरेपान, नीटनेटके, मराठी अत्यंत शुद्ध. "पेंडुरकर, मी तुम्हाला वाचक समजत होतो. तुम्ही तर लेखक निघालात. चार ओळींत काम केलंत. मानलं."

माझे कान तापले. मला जे धाडस वाटलं होतं ते यांच्या हिशेबी भाव वाढवण्याची युक्ती होती. वाईट असं, की ही युक्ती बाजारात रूढ होती. दुसरे मालक दर महिन्याला करत. हरकत घ्यायची, बोलणी करायची, हरकत सोडायची. मी एकटाच ती खरी समजून घेऊन बसलो होतो.

"आणि पूर्णगड?" मी विचारलं.

"तिचं वय झालं, मास्तर," शेठ म्हणाले, आणि क्षणभर त्यांचं हसू गेलं. "माझ्या बापाने घेतलेली बोट आहे. मला काय आनंद आहे? पण किती दिवस ओढायचं?"

गुप्त्यांनी पिशवीतून टाईप केलेलं पत्र काढलं. तांत्रिक बिघाडामुळे जहाज उपलब्ध होऊ शकत नाही. हरकत मागे घेत आहोत. "गुरुवारी साडेतीनला सुनावणी आहे. तिथे हे द्यायचं, दोन मिनिटांचं काम. शेठ, सही?"

"ज्याची हरकत त्याची सही," शेठ चटकन म्हणाले. "उद्या कोणी विचारलं तर मला यातलं काही ठाऊक नाही. काय मास्तर?"

"मी सही तिथेच करीन," मी म्हणालो.

त्यात मी खोटं बोललो की नाही, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं.

गुरुवारी कॅप्टन रुमाव मला त्या सरकारी कचेरीच्या बाकावर भेटले. मीच त्यांना निरोप धाडला होता. त्यांनी पांढरा गणवेश घातला होता, कॉलर झिजलेली पण इस्त्री कडक. "मला काय बोलायचंय?" त्यांनी विचारलं.

"विचारलं तर खरं सांगा."

"आणि तुम्ही?"

माझ्या एका हातात ते पत्र होतं आणि दुसऱ्या हातात भरतीच्या कोष्टकाचं पुस्तक.

सुनावणी घेणाऱ्या बाई नवीन होत्या. नलिनी देशभ्रतार, नागपूरच्या. बदली होऊन महिनाही झाला नव्हता. टेबलावर त्यांनी फाईल उघडून ठेवली होती. शेजारी स्टीलचा डबा होता आणि त्यांचं जेवण अजून व्हायचं होतं. गुप्ते आधीच बसले होते. मी आत गेलो तसे त्यांनी मान डोलावली, जणू मी त्यांचाच माणूस.

"परकार शिपिंग," बाईंनी वाचलं. "हरकत घेतली आहे. कायम की मागे?"

"मागे," गुप्ते म्हणाले.

"तुम्ही परकार शिपिंग आहात का?"

"नाही, मॅडम. पण त्यांच्याकडे पत्र आहे."

"आहे का पत्र?"

"आहे," मी म्हणालो आणि पुढे ठेवलं.

बाईंनी ते उलटंसुलटं बघितलं. "यावर सही नाही."

"ते करतील," गुप्ते म्हणाले आणि स्वतःचं पेन टोपण काढून माझ्यापुढे धरलं. सुंदर पेन होतं, काळं, सोन्याच्या निबचं. मी ते हातात घेतलं. घेतलं, हे लपवणार नाही. निब कागदापासून बोटभर वर होती.

"तांत्रिक बिघाड काय आहे?" बाईंनी सहज विचारलं.

मी पेन खाली ठेवलं.

"बिघाड नाही, मॅडम."

"मग असं का लिहिलंय?"

"मी नाही लिहिलं. मी सही करणार नाही. हरकत कायम आहे."

गुप्ते हसले. "मॅडम, यांच्या मालकांना इथूनच फोन लावतो, एक मिनिट..."

"हरकत फोनवर मागे घेता येत नाही," बाई म्हणाल्या. "अधिकारपत्र यांच्या नावाचं आहे. बोला, पेंडुरकर. जहाज कुठे आहे?"

"बाहेर नांगरावर. कॅप्टन दारात बसलेत."

कॅप्टन आत आले आणि त्यांनी सलाम केला. खोली एकदम लहान वाटायला लागली.

"दहा दिवसांत निघू शकाल?"

"मॅडम, आज संध्याकाळी निघतो," कॅप्टन म्हणाले. "पाणी तेवढं द्या."

बाईंनी हसू दाबलं. गुप्त्यांनी आता स्वतःची फाईल उघडली. त्यांचा आवाज थंड झाला. "मॅडम, भावना बाजूला ठेवू. चौकशीत अटी स्पष्ट आहेत. जहाज पंधरा वर्षांच्या आतलं हवं. हे चोवीस वर्षांचं. जहाजाला स्वतःच्या पंधरा टनी क्रेन हव्यात. याच्यावर एकही नाही. ही हरकत मुळातच टिकत नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तक उघडलं. छापील आकडे दिसले की मला जरा धीर येतो.

"क्रेन कशाला हव्यात, हे विचाराल का, मॅडम?" मी म्हणालो.

"तुम्हीच विचारा."

मी आयुष्यात कधी गुप्त्यांच्या डोळ्यांत बघून बोललो नव्हतो. तेव्हाही नाही बोललो. त्यांच्या टायच्या पिनेकडे बघून बोललो. "वाघबंदरच्या जेटीवर दोन क्रेन आहेत. तिथे लागणाऱ्या जहाजाला स्वतःची क्रेन लागत नाही. मग ही अट का?"

"कारखान्याची इच्छा."

"तुमचं जहाज आठ हजार टन भरल्यावर पाण्यात किती बुडतं?"

"ते तांत्रिक..."

"सात मीटर चाळीस," मी म्हणालो. "जहाजांच्या नोंदवहीत आहे. वाघबंदरच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. त्यावर ओहोटीला चार मीटर वीस पाणी. पौर्णिमेच्या उधाणाला त्यात दोन मीटर साठ मिळवा. सहा ऐंशी. तुमचं जहाज आतच येणार नाही. ते बाहेर समुद्रात उभं राहणार आणि स्वतःच्या क्रेनने बार्जमध्ये माल उतरवणार. म्हणून क्रेन. ती अट मालासाठी नाही, त्या जहाजासाठी लिहिली आहे."

"आणि पूर्णगड?" बाईंनी विचारलं.

"चार हजार टन भरून सहा मीटर दहा. पौर्णिमेला एक खेप, अमावास्येला एक. महिन्याला आठ हजार. थेट जेटीला."

"वयाचं काय?"

"मॅडम, गेल्या एप्रिलमध्ये सरकारनेच तपासून प्रमाणपत्र दिलंय की हे जहाज या किनाऱ्यावर चालायला योग्य आहे. पंधरा वर्षं हा आकडा कायद्यात कुठे आहे?"

बाईंनी चौकशीचा कागद हातात घेतला. "गुप्तेसाहेब, या अटी कोणी टाईप केल्या? कारखान्याच्या पत्राचं टायपिंग आणि तुमच्या या पत्राचं सारखंच दिसतंय, बरं का."

गुप्त्यांनी रुमाल काढला. पण ते कच्चे नव्हते. "मॅडम, एकच विचारतो. अकरा वर्षांत परकार शिपिंगने एकदाही हरकत घेतली नाही. आजच देशप्रेम कसं उफाळलं? ही नुसती अडवणूक आहे. आठवड्याने हेच गृहस्थ सौदा करून मोकळे होतील."

"हे खरं आहे?" बाईंनी मला विचारलं. "एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"का?"

आता मागे कॅप्टन उभे होते. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही.

"आमची अजून एक बोट होती, मॅडम. जयगड. तीन वर्षांपूर्वी भंगारात गेली. त्या वर्षी नऊ चौकश्या आल्या होत्या. नऊही जयगडला जमणाऱ्या होत्या, मी प्रत्येक वेळी ताडून बघितलं होतं. नऊही मी फाईलला लावल्या. मग जयगडवरच्या छत्तीस माणसांना पत्रं गेली, काम उपलब्ध नसल्यामुळे कमी करत आहोत म्हणून. ती पत्रं मीच टाईप केली. प्रत्येकाचं नाव वेगळं टाईप केलं." मी पुस्तक मिटलं. "आता मला ते पुन्हा टाईप करायचं नाही. सौदा होणार नाही. दर वेळी विचारा, दर वेळी हरकत घेईन."

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली. माझ्या मागून कॅप्टनच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता.

"पौर्णिमा एकवीस तारखेला," बाई अखेर म्हणाल्या. "त्या दिवशीच्या भरतीला तुमचं जहाज माल घेऊन वाघबंदरच्या जेटीला लागलं पाहिजे. लागलं तर सहा महिने काम तुमचं. नाही लागलं, तर बावीसला परवाना." त्यांनी सही केली आणि डबा जवळ ओढला.

बाहेर आल्यावर कॅप्टन माझ्याशी बोलले नाहीत. गुप्ते बोलले. "पेंडुरकर, पुस्तकातलं पाणी आणि खाडीतलं पाणी यांत फरक असतो. तुमचं कोष्टक कोणत्या सालचं आहे?"

"कोष्टक यंदाचं आहे," मी म्हणालो. खाडीच्या खोलीचा नकाशा मात्र एकोणीस वर्षांपूर्वीचा होता. तेवढं मी बोललो नाही.

शेठनी मला आधी शिव्या दिल्या, मग हिशेब केला. त्यांचीही गोची झाली होती. जहाज आहे असं सरकारदरबारी सांगून ते आणलं नाही, तर पुढे त्यांची कोणतीच सही कोणी धरली नसती. "तूही जा बोटीवर," शेवटी ते म्हणाले. "गाळात रुतली तर तिथेच राहा. परत येऊ नकोस."

अशा रीतीने मी समुद्रावर गेलो. पहिले दोन दिवस बादलीजवळ काढले. एकवीस तारखेला सकाळी अकराला आम्ही वाघबंदरच्या तोंडाशी होतो, जहाजाच्या पोटात गुजरातला भरलेलं चार हजार टन क्लिंकर. भरती पावणेबाराला पुरी व्हायची होती. मी पुस्तक छातीशी धरून कॅप्टनशेजारी उभा होतो. ते अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

"जयगडवर माझा भाऊ होता," ते एकदम म्हणाले. दुर्बिणीतून समोर बघत होते. "सेकंड इंजिनिअर. आता रिक्षा चालवतो नालासोपाऱ्याला."

"कॅप्टन, मी..."

"राहू दे. आधी का नाही बोललात?"

"भीती वाटली."

"आणि सुनावणीला?"

"तेव्हाही वाटत होती."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात वाट दाखवायला आलेला स्थानिक तांडेल शिडीने वर आला. धोंडू जुवाटकर, सत्तरीचा, अंगात बनियन, डोक्याला मफलर. त्याने माझा नकाशा बघितला आणि हसला.

"ह्या वाटेनं जाल तर सरळ वालूवर बसाल, कप्तानसाहेब. दोन वर्सांमागचं तुफान झालं ना, त्यानं वालू दक्षिणेला लोटली. आता पानी उत्तरंला हाय, त्या खडकाच्या लगत."

"नकाशात तिथे खडक दाखवलेत," मी म्हणालो.

"खडक हायेत. पन त्यांच्या नि वालूच्या मधनं गल्ली हाय. मी रोज जातो."

"होडी घेऊन?"

"मग काय ही असली बोट घेऊन?"

कॅप्टननी घड्याळ पाहिलं. अकरा पंचवीस. पाणी वाट बघणार नव्हतं. "मास्तर, इथवर तुमच्या शब्दावर आलोय," ते म्हणाले. "बोला. पुस्तक की जुवाटकर?"

मी पुस्तकाकडे बघितलं. आयुष्यभर मी छापलेल्यावर विश्वास ठेवला होता, कारण माणसांशी बोलायला मला जमत नसे. समोर बनियनमधला म्हातारा तंबाखू मळत होता. त्याला माझ्या हरकतीचं, परवान्याचं काहीएक ठाऊक नव्हतं.

"जुवाटकर," मी म्हणालो.

पूर्णगड उत्तरेला वळली. डावीकडे खडकांवर लाटा फुटत होत्या, उजवीकडे वाळूवर. मधला पट्टा इतका अरुंद की मी डोळे मिटले. खाली कुठेतरी खरवडल्यासारखा लांबलचक आवाज झाला, सगळं जहाज थरारलं, कपातला चहा बशीत सांडला.

"चिखल हाय," जुवाटकर शांतपणे म्हणाला. "थांबू नका. रेटा."

कॅप्टननी इंजिनरूमला ओरडून सांगितलं, सगळी ताकद लावा. जहाज थरथरत राहिलं. मग एकाएकी खालचा आवाज थांबला आणि समोर खाडीचं सपाट, हिरवं पाणी उघडलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही जेटीला लागलो. जेटीवर गुप्त्यांचा एक माणूस कॅमेरा घेऊन आला होता, रुतलेल्या जहाजाचा फोटो काढायला. कॅप्टननी त्याला हात केला आणि ओरडून विचारलं, "आमचा फोटो काढ की! कॉपी पाठव!" खाली खलाशी हसत सुटले.

मी बंदर कचेरीत गेलो आणि मुंबईला ट्रंक कॉल लावला. पाऊण तासाने लागला.

"पोचली?" शेठनी विचारलं.

"पोचली, शेठ. जेटीला आहे."

त्याच वेळी कॅप्टननी भोंगा वाजवला, लांब, तीनदा. कचेरीच्या खिडकीच्या काचा थरथरल्या.

"हा आपल्या बोटीचा?" शेठ हळूच म्हणाले.

"हो."

"किती वर्षांनी ऐकला." मग त्यांनी घसा साफ केला. "गुप्तेसाहेब माझ्यासमोर बसलेत. म्हणतात, एक खेप झाली, मान राहिला. आता पुढचं शांतपणे बोलून टाकू. पाच जहाजांचं काम देतात."

रिसीव्हर मी दोन्ही हातांनी धरला.

"शेठ, पुढचं उधाण अमावास्येचं, सहा तारखेला. त्याआधी चार हजार टन माल धक्क्यावर तयार ठेवायला सांगा. आणि ते पत्र पुन्हा टाईप करून आणलं असेल तर सांगा, मी इथून सही करणार नाही, तिथे येऊनही करणार नाही."

तारेवर खरखर होत राहिली. मला वाटलं लाईन तुटली. मग शेठचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता.

"गुप्तेसाहेब," ते म्हणत होते, "चहा संपवा आणि निघा."